हिरवे पान, सरकती तार

न्यूझीलंडच्या दुग्धव्यवसायात राबणाऱ्या मराठी मंडळींना आपल्या भाषेत चाऱ्याबद्दल बोलता यावे, हाच इन्व्हरकार्गिलमधल्या या परिषदेमागचा हेतू आहे.

विषय आहे मोहरीच्या कुळातल्या चारापिकांचा: केल, रेप, पानेरी शलगम आणि स्वीड. इथे साउथलँडमध्ये जून-जुलैत गवताची वाढ जवळजवळ थांबते. नेमक्या त्याच दिवसांत आटवलेल्या गाभण गाईंना ऑगस्टमधल्या वेतापूर्वी अंग धरायचे असते. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात पेरलेली केल हिवाळ्यापर्यंत शेतात उभी ठेवतात. चांगल्या जमिनीत ती हेक्टरी 10 ते 15 टन शुष्क चारा देते. पानेरी शलगम सहा-आठ आठवड्यांत चराईला येतो आणि शेंड्याचा गाभा राखला तर पुन्हा फुटतो. हिवाळी चाऱ्यासाठी शलगमाचा उपयोग जुनाच आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये गहू, शलगम, बार्ली आणि क्लोव्हर अशी फेरपालट रुळली आणि जनावरांच्या हिवाळ्याची सोय झाली.

मात्र ही पिके कुरणासारखी मोकळी चारता येत नाहीत.

पानांत सुमारे 85 टक्के पाणी असते आणि तंतू थोडे. कोटीपोटातल्या जिवाणूंना हा चारा पचवण्याची सवय लागायला आठ-दहा दिवस जातात. तोवर पिकाचा वाटा थोडाथोडा वाढवायचा, भुकेली गाय आत सोडायची नाही आणि आधी पेंढा किंवा सुके गवत द्यायचे. केलमधल्या एका गंधकयुक्त घटकापासून पोटात तयार होणारे द्रव्य रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. लघवी लाल दिसू लागली, की गाई पिकावरून हलवून पशुवैद्यकाला बोलवावे.

2014 चा हिवाळा साउथलँडने सोसला आहे. थंडी कमी पडली, स्वीडला वेळेआधी फुलोऱ्याचे दांडे आले आणि त्यांत ग्लुकोसिनोलेट हे यकृताला घातक द्रव्य वाढले. गाईंची यकृते बिघडली, अनेक गाई दगावल्या. त्यानंतर दांडे धरलेले पीक आणि व्यायला आलेली गाय यांची गाठ पडू नये, याकडे इथले शेतकरी डोळ्यांत तेल घालून पाहतात.

दुसरा प्रश्न चिखलाचा. उतारावर चराई वरून खाली नेली, झटका तार सरकवत लांबलचक अरुंद पट्टा दिला आणि खालचा ओघळ गवताखाली राखला, तर माती ओढ्यात जात नाही; सगळ्या गाईंना एकाच वेळी तोंड घालायला जागाही मिळते. 2020 मध्ये न्यूझीलंडने गोड्या पाण्याच्या राष्ट्रीय मानकांत हिवाळी चराईची दखल घेतली, ती याच कारणाने. चरून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात लवकर ओट पेरला, तर मुतातले नत्र झिरपून जाण्याआधी पीक ते उचलते.

उद्याच्या शिवारफेरीत केलचे पट्टे आणि गाईंची अंगस्थिती प्रत्यक्ष पाहता येईल. मुळांना गाठी आणणाऱ्या क्लबरूटचे बीजाणू बुटांच्या चिखलातून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. फाटकाजवळ पाणी, ब्रश आणि जंतुनाशक ठेवले आहे. पाहुण्यांनी गमबूट धुऊनच आत यावे, ही स्वागत समितीची विनंती. अध्यक्षमहोदयांनी आता पहिल्या सत्राला सुरुवात करावी.