घोडा, कुत्रा आणि गोठ्यातला सर्रा



घोड्या-कुत्र्याच्या रोगाशी आपल्या बैलाचे काय देणेघेणे, असे तुम्ही म्हणाल. सर्रा रोगाच्या बाबतीत मात्र फार मोठे आहे.

या रोगाचे जंतू रक्तात वाढतात. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने ते डेरा इस्माइलखानकडच्या घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिले. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली, तिचे डॉ. लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्रावर अभ्यास केला. पुढे १९०१ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी दाखविले, की चावरी गोमाशी हा रोग पसरवते.

आता गोठ्याकडे या. बैल-म्हशीत हे जंतू पुष्कळदा दडून राहतात. जनावर खाते, काम करते. पण त्याचे रक्त पिऊन माशी घोड्याला किंवा कुत्र्याला चावली, की ते जनावर उपचाराविना बहुधा दगावते.

ओळखायचे कसे? ताप येतो-जातो. घोडा खाऊनही खंगतो, पोटाखाली व पायांवर सूज येते, मागचे पाय लटपटतात. कुत्र्याचा डोळा निळसर-पांढरा होतो. म्हैस एकाएकी दूध कमी करते; एखादे जनावर गोल फिरते. नजर लागली म्हणून अंगारा लावत बसू नका. अंगात ताप असतानाच डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. इंजेक्शन वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेतच द्यावे. कमी मात्रेने जंतू औषधाला दाद देत नाहीसे होतात. या रोगावर लस नाही.

म्हणून माशी आवरा. आमच्या दिघ्यासारख्या खाडीकाठच्या ओलसर भागात पावसाळ्यात जास्त जपावे. गोठ्याभोवती चिखल-पाणी साचू देऊ नका, शेणाचा उकिरडा लांब ठेवा, संध्याकाळी धूर करा. आजारी जनावर वेगळे बांधा. एकच सुई दोन जनावरांना वापरू देऊ नका. मेलेल्या जनावराचे मांस कुत्र्यांना खाऊ न देता ते खोल पुरा.

आणि स्वतःलाही जपा. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला सर्रा झाल्याचे सिद्ध झाले; औषधाने तो बरा झाला. माणसाला हा रोग क्वचितच होतो. तरी हाताला जखम असेल तर जनावराच्या रक्ताला हात लावू नका.

बैल धडधाकट दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. आळीतला घोडा किंवा राखणीचा कुत्रा खंगू लागला, तर आपल्या गोठ्यातलीही जनावरे तपासून घ्या.