हिशोबाची वही आणि सरिता अडवे

(घाटकोपरला महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



पत्रकात माझ्या विषयापुढे 'विज्ञानातील स्त्रिया' एवढंच छापलं आहे. अशा वेळी आपण मेरी क्युरीचं नाव घेतो, आनंदीबाई जोशींचं घेतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. त्या बाईनं नेमकं काम काय केलं, हे सांगायचं बहुधा राहूनच जातं. म्हणून आज मी एकाच बाईबद्दल बोलणार आहे, आणि तेही जास्त करून तिच्या कामाबद्दल. नाव सरिता अडवे. इथून जवळच, पवईच्या आय.आय.टी.तून त्यांनी १९८७ साली इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी घेतली. मग अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी., काही वर्षं राईस विद्यापीठात अध्यापन, आणि पुढे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यांचं काम वर्गात मी बचत गटाच्या वहीवरून समजावते. समजा, गटातल्या दोघी एकच वही वापरतात. पहिलीनं आधी वहीत जमा रक्कम लिहायची, मग फळ्यावर 'हिशोब पूर्ण' असं लिहायचं. दुसरीनं फळा बघून वही उघडायची आणि कर्ज द्यायचं. सरळ आहे. पण कॉम्प्युटरचा प्रोसेसर वेळ वाचवायला कामं मागेपुढे करतो. त्याच्या लेखी वहीचा आणि फळ्याचा काही संबंध नाही. त्यामुळे फळ्यावर आधी लिहून होतं, वहीत नंतर. पहिली एकटीच असती तर काही बिघडलं नसतं. दुसरीला मात्र वहीत जुनाच आकडा दिसतो. खोटं कुणीच बोललेलं नाही, तरी कर्ज चुकीचं दिलं गेलं.

अनेक प्रोसेसर एकाच वेळी एकाच स्मृतीवर काम करू लागले की हा घोळ ठरलेला. क्रम अजिबात बदलायचा नाही असं यंत्राला बजावलं, तर ते मंदावतं. शिवाय त्या काळी वेगवेगळ्या यंत्रांचे मागेपुढे करण्याचे नियमही वेगवेगळे. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ते सगळे ध्यानात ठेवायचे, आणि चुकलं तर दोष त्याचाच.

१९९० साली अडवे आणि त्यांचे मार्गदर्शक मार्क हिल यांनी याची मांडणी करारासारखी केली. दोघींमधली खूण कोणती, म्हणजे आपला तो फळा, एवढं प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्पष्ट नोंदवायचं. त्यानं ते नीट केलं, की सगळी कामं जणू एकामागून एक, सांगितलेल्या क्रमानं झाली असाच निकाल देण्याची जबाबदारी यंत्राची. बाकी ठिकाणी यंत्रानं हवी तशी उलटापालट करून वेग वाढवावा. दोन्ही बाजूंनी काय द्यायचं आणि काय मिळणार, हे लेखी ठरलं.

तेव्हा असली यंत्रं प्रयोगशाळांत आणि मोठ्या संस्थांतच असत. २००५च्या सुमारास मात्र उष्णतेमुळे एकट्या प्रोसेसरचा वेग वाढवणं अवघड झालं, आणि कंपन्या एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवू लागल्या. आज या सभागृहातल्या बहुतेक मोबाईलमध्ये तेच आहे. जावा या भाषेचे सुधारलेले नियम २००४ साली आले, सी प्लस प्लसचे २०११ साली. दोन्हींच्या मुळाशी हाच करार आहे. त्यासाठी अडवे वर्षानुवर्षं समित्यांमध्ये बसून वाद घालत होत्या. ज्यांनी कधी संस्थेची घटना लिहिली आहे त्यांना हे काम किती कंटाळवाणं असतं ते ठाऊक आहे! आणि सगळं सुटलं असंही त्या म्हणत नाहीत. खूण नोंदवायचीच राहून गेली तर यंत्रानं काय करावं, याचं जावातलं उत्तर पुरेसं समाधानकारक नाही, आणि भाषा व यंत्रं दोन्हींचा नव्यानं विचार हवा, असं त्यांनी २०१० साली हान्स बोम यांच्यासोबत लिहिलं.

२०१८ साली त्यांना केन केनेडी पुरस्कार मिळाला. मानपत्रात संशोधनाबरोबर संघटनांसाठी केलेलं काम आणि विद्यार्थ्यांना दिलेला आधार यांचाही उल्लेख आहे. बायकांची ही कामं एरवी कुठल्या हिशोबात धरतात?

त्याच सुमारास त्या 'सिगआर्क' या कॉम्प्युटर रचनेच्या संशोधकांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. कॅथरीन मॅकिन्ली यांच्याबरोबर त्यांनी 'केअर्स' नावाची समिती उभी केली. परिषदेत कुणाचा छळ झाला, कुणी तो पाहिला, तर ऐकून घेणारी, तक्रारीची वाट दाखवणारी अनुभवी माणसं तिथे असतात. चौकशी ती करत नाहीत, शिक्षाही देत नाहीत. आपल्यातल्या काहींना हे अपुरं वाटेल. मलाही वाटतं. पण विशाखा निकालानंतर, अगदी २०१३च्या कायद्यानंतरही, कागदावर समिती आहे आणि मुलीला ती माहीतच नाही, असं आपण कितीदा पाहिलं? संशोधनात मार्गदर्शकाच्या एका पत्रावर सगळं करिअर अवलंबून असतं. तिथे तक्रार करावी की नाही, हे बोलायलाही आधी कुणीतरी लागतं.

२०१८पासून आय.आय.टी.त मुलींसाठी जादा जागा ठेवल्या. मुलींचा वाटा १४ टक्क्यांपासून सुरू करून २०२०पर्यंत २० टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. म्हणजे पवईत आपल्या मुली वाढत्या संख्येनं जाणार. मुलुंड-घाटकोपरच्या गटांनी आपल्या भागातल्या कॉलेजांत जाऊन मुलींना विचारावं: समितीतल्या एका तरी बाईचं नाव तुला ठाऊक आहे का? उत्तरं पुढच्या बैठकीत लेखी आणा.