पट्टीवरचे अक्षर वाचता आले पाहिजे



नवीन जालन्याच्या बाजूला काय, किंवा कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात काय, मोंढ्यात माल विकला की आपल्या हाती एक पट्टी येते. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती पडणारी रक्कम. सहा महिन्यांचे कष्ट त्या चार बोटांच्या कागदावर येऊन बसतात. पण तो कागद वाचता येतो का? पुष्कळदा नाही. अक्षर बारीक, शाई फिकी. मग आपण म्हणतो, "यंत्रच तसे आहे, काय करणार?" आज मला एवढेच सांगायचे आहे की, दोष बहुधा यंत्राचा नसतो. अक्षर ठळक करणे आणि मोठे करणे, दोन्ही माणसाच्या हातात आहे.

कर्रकर्र आवाज करणाऱ्या या यंत्राला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर म्हणतात. डॉट म्हणजे ठिपका. यंत्राच्या डोक्यात एकाखाली एक अशा ९ बारीक सुया असतात. त्या शाईच्या फितीवर ठोके मारतात आणि ठिपक्यांतून अक्षर उभे राहते. आपल्या आयाबहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात ना, अगदी तसेच. जपानच्या एप्सन कंपनीने १९८० मध्ये एमएक्स-८० हा ९ सुयांचा प्रिंटर आणला आणि ही जात जगभर पसरली. शाई फवारणारी नवी यंत्रे आली तरी हे टिकून आहे. कारण ठोका बसतो म्हणून कार्बनच्या तीन-तीन प्रती एकदम निघतात.

आता ठळकपणाचे पाहू. या यंत्राला दोन चाली असतात. एक कच्ची, घाईची. हिला ड्राफ्ट म्हणतात. दुसरी सुवाच्य, हिला एनएलक्यू म्हणतात. सुवाच्य चालीत डोके एकाच ओळीवरून दोनदा फिरते आणि दुसऱ्या खेपेला कागद केसभर सरकतो. त्यामुळे ठिपक्यांमधल्या फटी बुजतात. मात्र वेग चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. तेव्हा दुकानातली कच्ची यादी घाईच्या चालीत काढावी, पण शेतकऱ्याची पट्टी आणि विद्यार्थ्याचे गुणपत्रक सुवाच्य चालीतच काढावे.

दुसरी गोष्ट आकाराची. साध्या मापात एका इंचात १० अक्षरे बसतात, त्याहून लहान मापात १२ आणि दाटीच्या मापात सुमारे १७. कागद वाचवायला दाटीचे माप लावतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांची पंचाईत होते. हे माप आकड्यांच्या आज्ञांनी बदलते. एप्सनच्या पद्धतीत १५ हा आकडा पाठवला की दाटी सुरू होते, १८ पाठवला की ती सुटते. १४ पाठवला तर तेवढी एकच ओळ दुप्पट रुंद होते. बाकीच्या बऱ्याच आज्ञांच्या आधी २७ पाठवायचा. वर्गात गुरुजी टेबलावर छडी आपटतात ना, तसा हा २७. "पुढचे छापायचे नाही, ऐकायचे आहे," असे तो यंत्राला बजावतो. शाळेतल्या मुलांना हे करून दाखवा, त्यांना मौज वाटेल.

मराठीची गोष्ट मात्र वेगळी. वर रफार, खाली उकार आणि मध्ये शिरोरेषा, एवढे सारे ९ ठिपक्यांच्या उंचीत मावत नाही. म्हणून मराठी मजकूर बहुधा चित्रासारखा पाठवला जातो. अशा वेळी वरच्या आज्ञा चालत नाहीत. अक्षर संगणकावरच मोठे करावे लागते आणि ठिपक्यांची दाटीही तिथेच निवडावी लागते. ठिपके विरळ असले तर 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू लागतात. २४ सुयांच्या यंत्रावर मराठी अधिक स्वच्छ उमटते.

आता सर्वांत महत्त्वाचे. एखादी सुई मोडली की प्रत्येक अक्षरातून एक पांढरी आडवी रेघ जाते. ती मधली सुई असेल तर इंग्रजी आठाचा मधला आडवा बांधच गळतो आणि आठाचे शून्य दिसू लागते. ५८ पोती लिहिली आणि ५० वाचली गेली, तर भांडण कोणाशी करायचे? म्हणून पट्टीवर अशी पांढरी रेघ दिसली, तर प्रत घेऊ नका. दुसऱ्या यंत्रावर काढून मागा, नाहीतर रक्कम हाताने अक्षरी लिहून घ्या.

जे यंत्र चालवतात त्यांना दोन शब्द. फीत वाळली की वेळेवर बदला. तिच्यात शिक्क्याची शाई ओतू नका. फितीच्या शाईनेच सुयांना वंगण मिळते. कागदाच्या जाडीप्रमाणे बाजूची दांडी सरकवा. ती फार लांब ठेवली तर अक्षर फिके येते, फार जवळ ठेवली तर कागद काळवंडतो आणि फीत अडकते. आणि नुकतेच छापून थांबलेल्या डोक्याला हात लावू नका, चटका बसेल.

फीत बदलायला फार वेळ लागत नाही, आणि एक आज्ञा बदलायला त्याहूनही कमी. पण तेवढ्यानेच घामाचा हिशेब ज्याचा त्याला वाचता येतो. तेव्हा पुढच्या खेपेला पट्टी खिशात घालण्यापूर्वी उजेडात धरा, स्वतः वाचा, आणि वाचता आली नाही तर निःसंकोच म्हणा, "शेठ, जरा ठळक काढून द्या."