ज्योतीचा हिशेब

शाळेच्या प्रयोगशाळेतील स्पिरिटचा दिवा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्यात जळणाऱ्या मद्यार्कातून उष्णता किती निघते, हे कसे मोजावे?

उपाय सोपा दिसतो. पातळ भांड्यात २०० ग्रॅम पाणी घ्यावे आणि दिवा पेटवण्यापूर्वी व विझवल्यानंतर तोलावा. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास एक कॅलरी लागते. पाणी ४० अंशांनी तापले, म्हणजे त्याने ८,००० कॅलरी घेतल्या. मद्यार्क २ ग्रॅम जळला असेल, तर ग्रॅममागे ४,००० कॅलरी झाल्या. पुस्तकात मात्र आकडा असतो ७,१०० चा!

माझ्या एका विद्यार्थ्याने वहीतला ४,००० हा आकडा खोडून तेथे ७,०५० लिहिला होता. मी विचारले, "हे का रे खोडलेस?" तो म्हणाला, "सर, उत्तर चुकले होते." मी म्हणालो, "उत्तर बरोबर होते. पण ती पाण्याला मिळालेली उष्णता. ज्योतीने दिलेली नव्हे. उरलेली भांड्याने आणि हवेने घेतली. तू खोडलीस, ती नेमकी ही गळती."

मग पुस्तकातला आकडा कोठून आला? बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८१ च्या सुमारास जाड पोलादी पात्रात दाबाखाली प्राणवायू भरून, ते पात्र पाण्यात बुडवून आत पदार्थ जाळण्याची रीत घातली. तेथे उष्णतेला पळावयास वाट नसते.

दुसरी वाट कागदावरची आहे. हेस याने १८४० साली दाखवून दिले की, प्रक्रिया कोणत्याही मार्गाने घडली तरी एकूण उष्णता तीच राहते. मद्यार्काचा एक ग्रॅम-रेणू, म्हणजे ४६ ग्रॅम, जळला की कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि पाण्याचे तीन ग्रॅम-रेणू तयार होतात. मूलद्रव्यांपासून हे घडताना अनुक्रमे १८८ आणि २०५, म्हणजे एकूण ३९३ किलोकॅलरी बाहेर पडतात. मद्यार्क स्वतः घडताना त्यांतील ६६ आधीच खर्ची पडलेल्या असतात. उरल्या ३२७. त्यांना ४६ ने भागा, ग्रॅममागे ७.१ किलोकॅलरी येतात. दोन्ही वाटा एकाच गावी पोहोचतात.

मात्र इंजिनात तयार होणारे पाणी वाफ होऊन निघून जाते आणि आपल्यासोबत काही उष्णता नेते. म्हणून तेथे ६.४ धरणे योग्य. एक लिटर मद्यार्क सुमारे ७९० ग्रॅम भरतो. म्हणजे लिटरमागे सुमारे ५,००० किलोकॅलरी. पेट्रोलच्या लिटरमध्ये त्या ७,६०० च्या आसपास असतात. भारतात २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. अशा मिश्रणाच्या लिटरमध्ये उष्णता सुमारे सात टक्के कमी भरते. वाहन किती पळेल, हे इंजिनाच्या घडणीवरही अवलंबून असते. परंतु मुळातली ही तूट हिशेबात धरलीच पाहिजे. उसाच्या शेतातून येणाऱ्या या इंधनाचे गुण सांगताना ती लपवण्याचे कारण नाही आणि तिचा बाऊ करण्याचेही नाही.

त्या विद्यार्थ्याने पुढच्या आठवड्यात दिव्याभोवती पत्र्याचा आडोसा केला, भांड्यावर झाकण ठेवले. आकडा ४,८०० वर गेला. या वेळी त्याने काहीही खोडले नाही.