खेळ, पडदा आणि निस्ताराचा हक्क

(चंद्रपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

वनहक्काचे दावे प्रलंबित आहेत, धानाच्या चुकाऱ्यांचा प्रश्न आहे, आणि हा गृहस्थ क्रिकेटच्या प्रक्षेपणावर बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आपल्या चळवळीत खेळाकडे थोड्या संशयानेच पाहण्याची सवय आहे. लोकांचे लक्ष मूळ प्रश्नावरून उडवणारी ती करमणूक, असे आपण म्हणतो आणि पुढचा विषय घेतो. परंतु ज्या तरुणांना आपण संघटनेत आणू इच्छितो, त्यांची एक तक्रार सिरोंच्यापासून कोरचीपर्यंत एकाच शब्दांत ऐकू येते : पूर्वी सामना दिसत होता, आता दिसत नाही, दिसायचा असेल तर आधी पैसे भरा. या तक्रारीत सार्वजनिक मालकीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, म्हणून मी तो आज मांडतो.

प्रथम कायद्याची हकीकत सांगतो. 1993 साली हीरो चषकाच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी तिचा वाद पेटला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. न्यायपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशातील प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको आणि धनिकांचीही नको, तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने लोकहितासाठी करावे, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे या निकालाचा पहिला अर्धा भाग तेवढा उचलला गेला. सरकारी मक्तेदारी गेली आणि तिच्या जागी दुसरी मक्तेदारी उभी राहिली.

2007 साली संसदेने एक कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकाने प्रसार भारतीलाही दिले पाहिजे, आणि त्यावरील जाहिरातीचे उत्पन्न दूरचित्रवाणीबाबत किमान 75 टक्के हक्कधारकाला व उरलेले प्रसार भारतीला, अशी ती व्यवस्था आहे. भारतीय संघाचे एकदिवसीय सामने आपल्याला दूरदर्शनवर दिसले ते या कायद्यामुळे. मात्र 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ स्पष्ट केला : असे मिळालेले प्रक्षेपण प्रसार भारतीने स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या डिश सेवेवरूनच दाखवावे, खासगी केबल किंवा खासगी डिशच्या मार्गाने ते जाऊ नये. केबलवर दूरदर्शनची वाहिनी असते, पण सामन्याच्या वेळी तिच्यावर सामना नसतो, याचे कारण हे आहे. केबलवाल्याशी भांडून उपयोग नाही. 2018 साली मंत्रालयाने कायदादुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तो मसुदाच राहिला.

आता जमिनीवरील प्रक्षेपकांचे काय झाले ते पाहा. घराच्या कौलांवर बांबूला बांधलेली अँटेना आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. वाऱ्याने ती फिरली की एकजण वर चढे, दुसरा खालून ओरडे. 2022 च्या मार्चपर्यंत मोक्याच्या जागचे सुमारे 50 वगळता देशातील जुने प्रक्षेपक बंद करण्याचे प्रसार भारतीने ठरवले आणि तसे केले. तंत्र जुने झाले होते, खर्च परवडत नव्हता, हे मान्य. पण परिणाम असा की कायद्याने ठेवलेल्या दोन दारांपैकी एक जवळजवळ मिटले. राहिली 2004 साली सुरू झालेली दूरदर्शनची डिश. तिला महिन्याचे भाडे नाही, हा तिचा मोठा गुण आहे. आपल्या भागात तिचा प्रचार आपणच करायला हवा. मात्र पावसाळ्यात ढग दाटले की डिशचे चित्र तुटते, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. मग वीज आणि मोबाइलची लहर यांची शाश्वती कोण देणार?

आणि आयपीएल या सक्तीच्या यादीत नाहीच. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे तिचे प्रक्षेपणहक्क 2022 च्या जूनमध्ये 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्यामागे शंभर कोटींहून अधिक. ही रक्कम कोणी धर्मादाय म्हणून देत नाही. ती वर्गणीतून, रिचार्जमधून आणि दोन षटकांमधल्या, आता तर दोन चेंडूंमधल्याही जाहिरातींतून वसूल व्हायची असते. 2023 आणि 2024 साली मोबाइलवर आयपीएल फुकट दाखवली गेली. बारा भाषांत समालोचन होते, त्यात मराठीही होती, आणि लोक हरखून गेले. त्या वेळी दूरचित्रवाणीचे हक्क एका कंपनीकडे आणि इंटरनेटचे दुसरीकडे होते. फुकटेपणा हा त्यांच्या झुंजीचा भाग होता. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही व्यवसाय एकत्र आले. स्पर्धा आयोगाने काही अटी घालून त्याला परवानगी दिली होती. 2025 च्या फेब्रुवारीत दोन्हींचे मिळून एकच ॲप झाले, आणि फुकटचा सामना वर्गणीच्या व रिचार्जच्या योजनांना जोडला गेला. बाजारात नवा दुकानदार पहिल्या दिवशी गूळ वाटतो, हे गोंडपिपरीच्या आठवडी बाजारातही ठाऊक आहे.

साथींनो, ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? मला तर ती बांबूची गोष्ट वाटते. जंगल लोकांच्या भोवती, आणि बांबू मात्र कागद कारखान्यासाठी करारावर दिलेला. गावकऱ्याने चार बांबू तोडले तर तो चोर. आपल्या भागात ‘निस्तार’ हा शब्द आहे. मालगुजारी आणि जमीनदारीच्या काळातही गावाचा सरपणाचा, चराईचा, घरबांधणीच्या लाकडाचा निस्तार कागदोपत्री नोंदवलेला असे. मालक कोणीही असो, जगण्यापुरते घेण्याचा गावाचा हक्क त्याला बुडवता येत नसे. मेंढा (लेखा) या गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवानाही स्वतःच्या हाती घेतला, तो या जाणिवेच्या बळावर. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा व्यवहार ठेकेदाराकडून आपल्याकडे घेतला. प्रक्षेपण लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत असे सर्वोच्च न्यायालय म्हणते, तर त्या मालमत्तेत जनतेचा निस्तार कोणता? 2007 चा कायदा हे त्याचे एक अपुरे निस्तारपत्रक आहे, असे मी समजतो.

कोणी म्हणेल, सरपण आणि सामना यांची तुलना कशी? पोट भरण्याच्या बाबतीत ती होत नाही, हे उघड आहे. परंतु आपल्या झाडीपट्टीत करमणूक ही कधी एकट्याची नव्हती. दिवाळीनंतर गावोगाव शंकरपट भरतो, पाहुणे येतात, रात्री नाटक उभे राहते, वडशाच्या मंडळ्या बैलगाड्यांच्या गर्दीत पहाटेपर्यंत प्रयोग करतात. नाटकाला तिकीट असते, पण पटाच्या मैदानात कुंपण नसते. रेडिओवरचे धावते समालोचन आणि पंचायतीतला एक दूरदर्शन संच, यांनी हीच सवय पुढे चालवली. बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचनाची जी भाषा घडवली, ती पानठेल्यावर उभे राहून दहाजणांनी एकत्र ऐकण्याची भाषा होती. मोबाइलवरचा सामना पाचजणांच्या पाच तळहातांवर वेगवेगळा चालतो. एकाच्या पडद्यावर गडी बाद होतो तेव्हा दुसऱ्याच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. आता मराठी मिळते, कारण मराठीत ग्राहक आहेत. गोंडी आणि माडियापर्यंत यायला बाजाराला कारण नाही.

कबड्डीचा हिशेब थोडा वेगळा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बुवा साळवींसारख्यांनी ज्या खेळासाठी जन्म वेचला, त्याला 2014 साली प्रो कबड्डीने पडदा दिला, खेळाडूंच्या हाती पैसा दिला. हे मी नाकारत नाही. पण चढाईचे नियम पडद्याच्या सोयीने बेतले गेले, माती जाऊन मॅट आली. आणि ज्या गावात रात्रकालीन सामने मातीवर होतात, तिथल्या पोराला मॅटही नाही आणि वर्गणीची वाहिनीही नाही.

सरकारच्या हाती सगळे दिले की प्रश्न सुटेल, असे कोणी समजू नये. अर्जेंटिनात 2009 साली सरकारने फुटबॉलचे सामने सर्वांसाठी विनामूल्य केले. लोक खूष झाले, आणि मध्यंतरात सरकारची स्तुती सुरू झाली. 2017 साली दुसऱ्या सरकारने ती योजना गुंडाळली. इंग्लंडमध्ये 2005 च्या ॲशेसनंतर कसोटी क्रिकेट वर्गणीच्या वाहिनीवर गेले. 2019 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खुल्या वाहिनीवर दाखवण्यासाठी हक्कधारकाला खास तडजोड करावी लागली. आपले जुने दूरदर्शनही आदर्श नव्हते. ऐन रंगात बातम्या सुरू होत. म्हणूनच 1995 च्या निकालातील स्वायत्त संस्थेची सूचना महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी आज कोणताच मोठा पक्ष बोलत नाही.

आपल्या मागण्या अवाजवी नाहीत. जाहीर झालेला सामना केबलसह प्रत्येक मार्गाने दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसावा, अशी कायद्यात दुरुस्ती व्हावी. यादी ठरवताना महिलांचे सामने, कबड्डी व खो-खो यांना पुरुषांच्या क्रिकेटचेच माप लावावे. 2025 च्या 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत मुलींनी विश्वचषक जिंकला, त्यानंतर या मागणीला वेगळे समर्थन लागू नये. आणि ज्या गावांत मोबाइलची लहर टिकत नाही, तिथे ग्रामपंचायतीच्या इमारतीत सौर पाट्यांवर चालणारा एक संच आणि दूरदर्शनची डिश असावी. खर्च एका रस्त्याच्या फलकाहून फार नाही.

हा कायदा केंद्राचा आहे, तेव्हा निवेदन तहसीलदाराला देऊन छायाचित्र काढण्यात अर्थ नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत ठराव घ्यावेत. त्यासाठी आपल्या गावात किती घरांत डिश आहे, किती घरांत केबल, किती जण महिन्याला सामन्यांसाठी काय भरतात, एवढी माहिती प्रत्येक शाखेने घरोघर जाऊन लिहून आणावी. धानोरा आणि एटापल्लीच्या साथींनी हे काम पावसाच्या आधी उरकावे, नंतर रस्ते राहणार नाहीत. ठरावाची एक प्रत खासदारांना, एक प्रसार भारतीला आणि एक आपल्या कार्यालयात.