जुनं घर घेताना
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सांस्कृतिक समितीने मला ‘आर्थिक नियोजन’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. बँकेत 34 वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार! पण एफडीचे दर तुम्हा मंडळींना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. म्हणून आज एका जुन्या घराची हकिगत सांगतो.

घर आहे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत. मुलाने ते घ्यायचं ठरवलं तेव्हा मी आणि सौ. तिथेच होतो. जर्नल स्क्वेअर स्टेशनातून ‘पाथ’ गाडी हडसन नदीखालून न्यूयॉर्कला जाते. जवळच्या नेवार्क ॲव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकानं आहेत, मेथीची जुडीसुद्धा मिळते. त्याच वस्तीत फिलिपिनो, इजिप्तचे ख्रिश्चन, पोर्तो रिकोचे लोक, सगळे शेजारी शेजारी राहतात. घर 1910 च्या सुमाराचं, लाकडी सांगाड्याचं. खाली एक बिऱ्हाड, वर एक, आणि तळघर. वर आपण राहायचं, खालच्या भाड्याचा हप्त्याला हातभार, असा चिरंजीवांचा हिशेब.

माझ्यातला कर्ज-अधिकारी लगेच जागा झाला. दलालाच्या कागदावर तीन भाड्यांचं उत्पन्न लिहिलं होतं. म्हटलं, बिऱ्हाडं दोन आणि भाडी तीन कशी? नगरपालिकेच्या नोंदीत घर दोनच कुटुंबांचं निघालं. तळघरातली खोली परवानगीशिवाय भाड्याने दिलेली. ते उत्पन्न आम्ही सरळ काटलं. उरलेल्या भाड्यातलंही तिथली बँक साधारण 75 टक्केच धरते. बाकी रिकामे महिने आणि दुरुस्ती यांत जाणार असं समजून चालते.

मग तपासणी. 1978 च्या आधीचं घर असेल, तर शिशाच्या रंगाबद्दल जे ठाऊक आहे ते विकणाऱ्याने लेखी द्यावंच लागतं, आणि घेणाऱ्याला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. भिंतीत चिनीमातीच्या गट्ट्यांवरून नेलेली जुनी वायरिंग आहे का, हे बघावं लागतं. ती असली की विमा कंपनी कुरकुर करते. पूर्वी घरं तेलावर गरम करत, त्या तेलाची टाकी अंगणात पुरलेली असू शकते. ती गळली असेल तर माती साफ करण्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. नेहमीच्या तपासणीत हे येत नाही, वेगळा माणूस बोलवावा लागतो. आम्ही बोलावला. टाकी नव्हती. सौ.ने देवापुढे साखर ठेवली.

आता खरी अडचण सांगतो. खालच्या मजल्यावर 71 वर्षांच्या एक फिलिपिनो बाई 18 वर्षं भाड्याने राहत होत्या. भाडं बाजारभावापेक्षा बरंच कमी. घर विकलं म्हणून भाडेकरार संपत नाही आणि त्यांचं डिपॉझिट परत करण्याची जबाबदारीही नव्या मालकावर येते. पण करार चार महिन्यांत संपत होता. मालक स्वतः त्या दोन बिऱ्हाडांच्या घरात राहणार असेल, तर मुदतीनंतर रीतसर नोटीस देऊन जागा रिकामी करून घेता येते. दलाल तेच सुचवत होता. आणि खोटं कशाला बोलू, मीही मुलाला तेच सांगितलं. आकडे मांडून दाखवले.

सूनबाई एवढंच म्हणाल्या, “बाबा, तुमच्या तक्त्यात त्या कुठे जातील याचा रकाना नाहीये.”

मी गप्प बसलो. पटलं म्हणून नव्हे, राग आला म्हणून. त्यांनी भाडं थोडं वाढवून करार पुढे चालू ठेवला.

जानेवारीत एका रात्री बॉयलर बंद पडला. बाहेर बर्फ, घरात आठ महिन्यांची नात. मुलगा तळघरात जाऊन पाण्याचा नळ उघडणार, तोच त्या बाई स्वेटर चढवत आल्या. म्हणाल्या, थांब, आधी त्या काचेच्या नळीत बघ. नळीत पाणी दिसेना. तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडणं धोक्याचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. तो निवेपर्यंत नातीला त्यांनी आपल्या खोलीत, छोट्या विजेच्या हीटरपाशी मांडीवर घेतलं. पहाटे पाणी भरलं, बॉयलर सुरू झाला. त्या घराची खरी फाईल त्या बाईंपाशी होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवण झाली ती आपल्या सोसायटीची. आपल्या सी विंगमध्ये एक तरुण जोडपं भाड्याने आलं होतं, जुन्या सभासदांना आठवेल. तेव्हा मी खजिनदार होतो. त्यांची चूक काहीच नव्हती, ‘आपल्यातले’ नाहीत एवढंच. सभासदावर दबाव आणणारं पत्र कमिटीचं होतं, पण अक्षर माझं होतं. महिन्याभरात ते गेले. कुठे गेले, मी कधी विचारलं नाही. माफी मागायला आज पत्ताही नाही. निदान तुमच्यासमोर कबूल करावं म्हणून उभा राहिलो.

आपली इमारतही आता जुन्यांत जमा होऊ लागली आहे. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे यंदा गेलाच पाहिजे. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, तेही पुढे ढकलू नका. कागदांना मी मदत करीन, तेवढे डोळे अजून शाबूत आहेत.

आणि एक विनंती. आज या मांडवात आपल्या इमारतीतले भाडेकरू दिसत नाहीत, कारण निमंत्रणं फक्त सभासदांना गेली. जेवणं व्हायची आहेत. पानं मांडण्याआधी प्रत्येक विंगमधून कोणीतरी वर जाऊन त्यांना बोलावून आणा. सी विंगमध्ये मी जातो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.