पाण्यांत पडलेलें यंत्र

रेल्वेच्या स्टेशनावर, न्यायालयाच्या दारांत किंवा एखाद्या मोठ्या देवस्थानाच्या प्रवेशद्वारापाशीं शिपाई आपल्या अंगावरून एक लहानसें यंत्र फिरवितो आणि खिशांतील किल्ल्यांजवळ येतांच तें ओरडतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें असेल. त्याला मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र म्हणतात. त्याचा एक थोरला भाऊ असतो. लांब दांडा, दांड्याच्या खालच्या टोकास ताटलीएवढी तबकडी व वर मुठीजवळ एक डबी, असें त्याचें रूप असून, जमिनींत किंवा वाळूंत गडप झालेल्या धातूच्या वस्तु शोधण्याकडे त्याचा उपयोग होतो. असलें एक यंत्र गेल्या वर्षीं माझ्या हातून समुद्रांत पडलें. यंत्र माझें नव्हतें. तें कसें वांचलें हें आपणांस सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. गुहागरच्या आसपासच्या प्राथमिक शाळांतून ३४ वर्षें मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां हें तज्ज्ञाचें व्याख्यान नसून ठेंच लागलेल्या माणसाचा अनुभव आहे, असें समजून ऐकावें. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, ही म्हण आपल्यांत आहेच.

माघांतली पौर्णिमा होती. आमच्या शेजारच्या घरची सून माहेरच्या मंडळींना घेऊन सायंकाळीं समुद्रावर गेली. भाच्यानें कडेवरून झेंप घेतली, त्याच्या मुठींत मंगळसूत्र आलें आणि तें तुटलें. काळे मणी ओल्या वाळूवर विखुरले. दोन्ही वाट्या गेल्या. अंधार पडेपर्यंत सर्वांनीं वाळू उपसली, परंतु भरती आली आणि शोध थांबला. आपणांस ठाऊकच आहे कीं, एक वाटी सासरची व एक माहेरची असते. घरांत कोणी तिला बोललें नाहीं. पण न बोलण्याचाहि एक भार असतो. दुसऱ्या दिवशीं ती मुलगी जेवली नाहीं, असें माझ्या पत्नीनें मला सांगितलें.

माझा एक जुना विद्यार्थी नळांचीं व विजेचीं कामें करतो. जमिनीखालचे जुने लोखंडी नळ शोधण्यासाठीं त्यानें हें यंत्र घेतलें होतें. मीं शब्द टाकतांच त्यानें तें माझ्या स्वाधीन केलें, कसें वापरावें तें दाखविलें, आणि तो कामासाठीं चिपळुणास गेला. दुसऱ्या दिवशीं ओहोटीच्या वेळीं मी वाळूवर उतरलों.

हें यंत्र चालतें कसें, तें थोडक्यांत सांगतों. तबकडींत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून, दर सेकंदास हजारों वेळां दिशा पालटणारा विजेचा प्रवाह सोडला म्हणजे तबकडीभोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. जवळ धातु असेल तर तींत भोंवऱ्यांसारखे लहान लहान प्रवाह उत्पन्न होतात. त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्यास लागते व डबींतून आवाज निघतो. तत्त्व जुनें आहे. टेलिफोनचा शोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं याच तत्त्वावर अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांतील पिस्तुलाची गोळी शोधण्याचा यत्न केला होता. तो सफल झाला नाहीं. उलट इंग्लंडांत सफोक परगण्यांतील हॉक्सन या गांवीं १९९२ च्या नोव्हेंबरांत एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधावयास त्याचा मित्र असेंच यंत्र घेऊन गेला, तों रोमन काळांतील १४,८६५ नाण्यांचा व इतर मौल्यवान् वस्तूंचा ठेवा हातीं आला. त्यानें तो लपविला नाहीं. लागलीच वर्दी दिली. आपल्याकडेहि १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें प्राप्त आहे, हें असलीं यंत्रें बाळगणाऱ्यांनीं विसरूं नये.

असो. तबकडी पाण्यांत बुडाली तरी तिला कांहीं होत नाहीं, कारण ती चोहोंकडून बंद केलेली असते. मनुष्य फसतो तो येथेंच. तबकडीला पाणी चालतें म्हणून सबंध यंत्रालाच चालतें, अशी त्याची समजूत होते. वरच्या डबींत मात्र नाजुक विद्युत्पट्टी, पडदा व सेल असतात. पुष्कळ यंत्रांत तिला केवळ पावसाच्या शिंतोड्यांपुरतें संरक्षण असतें. त्या दिवशीं मीं आणखी एक चूक केली. सेल उतरले म्हणून वाळूवरच उभा राहून, वाळूनें भरलेल्या बोटांनीं, मीं नवे पेन्सिल सेल घातले. झाकणाखालच्या रबरी वायसरावर वाळूचे कण बसले. थोड्याच वेळानें एक लाट गुडघ्यापर्यंत आली, पायाखालची वाळू सरकली, मी तोल सांवरण्यासाठीं हात सोडला आणि यंत्र पाण्यांत आडवें झालें.

तें उचलून मीं पहिली गोष्ट कोणती केली असेल? जी कोणीहि करील तीच. चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बटण दाबलें. पडदा क्षणभर उजळला. मला हायसें वाटलें. मग तो मावळला. मीं पुन्हां दाबलें, आणि तिसऱ्यांदा दाबलें.

श्रोतेहो, शाळेंत मी मुलांना दरवर्षीं एक प्रयोग दाखवीत असें. पेल्यांत पाणी घेऊन त्यांत मीठ विरघळवावयाचें, तांब्याच्या दोन तारा त्यांत बुडवून त्या सेलांना जोडावयाच्या. एका तारेवर बुडबुडे येतात. दुसरी तार झिजूं लागते व पाणी गढूळ होतें. वीज व खारें पाणी एकत्र आलीं कीं तांबें खाल्लें जातें, हें मुलांना दिसावें म्हणून तो प्रयोग. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि आपल्या पिण्याच्या पाण्याच्या शंभरपट किंवा त्याहूनहि अधिक सहजतेनें त्यांतून वीज वाहते. डबींतील विद्युत्पट्टीवर तांब्याच्या केंसासारख्या बारीक रेषा असतात. जो प्रयोग मीं आयुष्यभर पेल्यांत केला, तोच मी आतां दुसऱ्याच्या यंत्रांत करीत होतों!

घरीं परततांना माझ्या मनांत एक विचार आला, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. यंत्र पुसावें, वाळवावें, जागच्या जागीं नेऊन ठेवावें व कांहीं बोलूं नये. पाटी फोडून दप्तरांत दडविणाऱ्या मुलांना मीं किती वेळां उभें केलें असेल! अंगणांत पाऊल टाकण्यापूर्वीं मीं त्या विद्यार्थ्यास फोन लावला.

त्यानें दोष दिला नाहीं. एवढेंच विचारलें, “गुरुजी, समुद्राचं पाणी कीं गोडं?” मग, “सेल काढलेत का?” आणि शेवटीं, “बटण दाबलंत का?” मी गप्प राहिलों, त्यावरून तो समजला. म्हणाला, “आतां मी सांगेन तसं करा, आणि त्याहून अधिक कांहीं करूं नका.”

त्यानें जें सांगितलें तें चार पायऱ्यांत सांगतां येईल.

पहिली पायरी, वीज तोडणें. बटण बंद करून भागत नाहीं. सेल बाहेर काढावयास पाहिजेत. ज्या यंत्रांत लिथियमची पुनःपुन्हां भरावयाची बॅटरी असते, त्यांत अधिक सावधगिरी हवी. अशी बॅटरी खाऱ्या पाण्यांत भिजली असेल, तर ती पुन्हां भरूं नये, टोंचूं नये, घरांत ठेवूं नये. मोकळ्यावर, दगडावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी व जाणत्याच्या हवालीं करावी. अमेरिकेंत २०२२ सालीं इयन चक्रीवादळानंतर फ्लॉरिडांत समुद्राच्या पाण्यांत बुडालेल्या कांहीं विजेच्या मोटारींनीं मागाहून पेट घेतला, तो याच कारणानें.

दुसरी पायरी, मीठ काढणें. येथें मी थबकलों. तो म्हणाला, “यंत्र उघडून गोड्या पाण्यानं धुवा.” जें पाण्यानें बिघडलें त्याला पुन्हां पाणी? परंतु यांतच सर्व मर्म आहे. पाणी उडून जातें, मीठ राहतें. आणि राहिलेलें मीठ हवेंतला ओलावा ओढून महिनोन्‌महिने तांबें खात बसतें. विमानांतील ध्वनि व माहिती नोंदविणारी पेटी समुद्रांतून वर काढली म्हणजे ती वाळवीत नाहींत. गोड्या पाण्यांत बुडवूनच प्रयोगशाळेकडे नेतात, म्हणजे वाटेंत हवेनें व मिठानें ती गंजत नाहीं. २००९ च्या जूनमध्यें अटलांटिक महासागरांत कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या पेट्या जवळजवळ दोन वर्षांनीं, २०११ च्या मेमध्यें, सुमारें ३,९०० मीटर खोलीवरून काढण्यांत आल्या, आणि त्यांतील नोंदी वाचतां आल्या. त्या मानानें माझी लाट ती केवढी! मीं डबीचे चार स्क्रू काढले, पट्टीचें छायाचित्र विद्यार्थ्यास पाठविलें, व त्याच्या सांगण्याप्रमाणें ती आधीं विहिरीच्या गोड्या पाण्यानें आणि नंतर इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानें हलक्या हातानें धुतली. पडदा व स्पीकर यांवर पाणी ओतूं नको, असें त्यानें बजावलें होतें. सेलाच्या एका पट्टीवर हिरवट डाग दिसला. तो माझ्या तीन वेळां दाबलेल्या बटणाचा दाखला होता.

तिसरी पायरी, पाणी हुसकणें. मोबाइल दुरुस्त करणारे ज्याला आयपीए म्हणतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनें मऊ ब्रशाच्या साहाय्यानें पट्टी पुसली. तें फटींतल्या पाण्यांत मिसळून त्याला आपल्याबरोबर उडवून नेतें. मात्र तें चटकन् पेट घेतें. चूल, उदबत्ती, विडी यांच्या जवळपास तें उघडूं नये.

चौथी पायरी, वाट पाहणें. आणि तीच सर्वांत अवघड. पुष्कळ लोक भिजलेली वस्तु तांदळांत पुरतात. तांदूळ आंतलें मीठ काढीत नाहींत. त्यांची भुकटी मात्र आंत जाते. ॲपल या कंपनीनेंहि २०२४ सालीं आपल्या ग्राहकांना फोन तांदळांत ठेवूं नका, असें सांगितलें. कडक ऊन, चूल, केंस वाळविण्याचा गरम वारा, हे उपायहि नकोत. त्यांनीं प्लास्टिक वांकतें व पाणी अधिक खोल शिरतें. मीं डबी उघडी ठेवून सावलींत पंख्याखालीं दोन दिवस व नंतर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झांकणाच्या डब्यांत चार दिवस ठेवली. त्या सहा दिवसांत सूनबाई दोनदां अंगणांत येऊन गेल्या. “गुरुजी, आतां लावून बघायचं का?” माझाहि हात शिवशिवत होता. पण एकदां दाबलेल्या बटणाची किंमत मला कळली होती.

सातव्या दिवशीं विद्यार्थी स्वतः आला. त्यानें हिरवा डाग खरवडला, वायसर पुसून त्यास किंचित् सिलिकॉनचें ग्रीस लावलें, नवे सेल घातले व बटण दाबलें. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. आवाज तेवढा घोगरा झाला होता. नव्या स्पीकरचे पैसे मीं देऊं केले, ते त्यानें आढेवेढे न घेतां घेतले. मला तें फार बरें वाटलें.

अमावास्येच्या उधाणांत ओहोटी दूरवर गेली, तेव्हां आम्ही दोघे पुन्हां वाळूवर उतरलों. या वेळीं डबी प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधलेली होती व सेल घरींच घातलेले होते. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून यंत्र उगीचच कुरकुरत होतें. खरी हांक ओळखावयास दोन तास गेले. वितीएवढ्या खोलीवर एक वाटी सांपडली. दुसरी सांपडली नाहीं; पुढें दोन ओहोट्यांना शोधूनहि नाहीं. मिळालेली वाटी सासरची कीं माहेरची, हें ओळखतां येईना, कारण दोन्ही एकाच सोनाराकडच्या होत्या. सासूबाईंनीं ती हातांत घेऊन पाहिली व म्हणाल्या, “हिच्या माहेरचीच ही. आमची आम्ही नवी करूं.” त्या दिवशीं ती मुलगी जेवली.

श्रोतेहो, धातुशोधक यंत्र आपणांपैकीं थोड्यांच्याच घरीं असेल. परंतु मोबाइल, श्रवणयंत्र, रेडिओ आतां घरोघर आहेत, आणि आमच्या कोंकणांत पाण्याचें भय सदाच असतें. चिपळूणचा जुलै २०२१ चा महापूर अजून कोणी विसरलेला नाहीं. घरच्या विजेवर चालणारी वस्तु भिजली असेल, तर जाणत्यानें पाहिल्याशिवाय ती जोडूंच नये. तेथें यंत्राचा नव्हे, जीवाचा प्रश्न असतो. बंद घडणीचा मोबाइल स्वतः उघडूं नये. तो बंद करून कारागिराकडे न्यावा, आणि पाणी खारें कीं गोडें तें त्याला खरें सांगावें. लहान यंत्रांसाठीं चार गोष्टी ध्यानांत असूं द्याव्या: वीज तोडा, मीठ काढा, पाणी हुसका, वाट पाहा. या चारींच्या आधींची पांचवी गोष्ट अशी कीं, ज्याची वस्तु असेल त्याला त्याच दिवशीं कळवा. माझ्या हातून तें यंत्र वांचलें, तें मुख्यतः त्या एका फोनमुळें वांचलें.

इतकें बोलून मी आपली रजा घेतों.